जुन्या मोटारीसाठी साधा व्होल्टमीटर

व्यापारी घराण्यांत जुनी वस्तू सहजासहजी टाकली जात नाही. पेढीवरचा लाकडी गल्ला, पितळी तराजू आणि वजनांची पेटी यांच्याप्रमाणेच अनेक घरांच्या मागील अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटारही जपून ठेवलेली असते. कोठे ती फियाट असते, कोठे अँबेसिडर, क्वचित त्याहून जुनी मॉरिस किंवा फोर्ड. आजोबांनी ती घेतलेली असते, वडिलांनी तीतून बाजारपेठा केलेल्या असतात आणि नातवंडांना ती छायाचित्रापुरती ठाऊक असते.

यांपैकी फियाटशी जैन समाजाचे एक विशेष नाते आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट मोटारी बाहेर पडू लागल्या, आणि त्याच परंपरेतील मोटारीला १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली; घरोघरच्या पद्मिनींचे महत्त्व त्यानंतर वाढलेच आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा फेरबदल न झालेल्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळू शकते. म्हणजे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील मोटारी आता त्या उंबरठ्यावर आल्या आहेत.

अशी मोटार भंगारात जाते ती बहुधा इंजिनामुळे नव्हे, तर विजेच्या तक्रारीमुळे. सकाळी सेल्फ उचलत नाही. बॅटरी नवी आणली जाते. महिनाभराने पुन्हा तोच अनुभव येतो. मग डायनामो खोलून त्याचे वाइंडिंग करून घेतले जाते, कटआउट बदलला जातो, सेल्फ दुरुस्तीला जातो. प्रत्येक वेळी काही हजार रुपये खर्ची पडतात आणि दोष जागच्या जागी राहतो. अखेरीस ‘या गाडीचे वायरिंग संपले’ असा निर्णय होतो आणि भंगारवाल्याला बोलावणे जाते. या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट कोणी केलेली नसते. कोठे किती व्होल्ट पोहोचतात, हे मोजून पाहिलेले नसते. न मोजता खरेदी करणे हे कोणत्याही पेढीवर गैर मानले जाईल. मोटारीच्या बाबतीत मात्र तेच सर्रास घडते.

म्हणून जुनी मोटार ज्यांना जपावयाची आहे त्यांनी कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी एक साधा व्होल्टमीटर घ्यावा. त्याची किंमत काही शे रुपयांपासून सुरू होते, एका बॅटरीच्या किमतीचा तो लहानसा अंश आहे. मात्र तो निवडताना त्याच्याकडून कोणते काम अपेक्षित आहे, हे आधी स्पष्ट असले पाहिजे.

पहिले काम बॅटरीची शिल्लक पाहण्याचे. शिसे-आम्ल बॅटरीच्या एका घराचा दाब पूर्ण भारित अवस्थेत सुमारे २.१ व्होल्ट असतो. सहा घरांची बॅटरी ‘१२ व्होल्टची’ म्हणून ओळखली जात असली, तरी ती पूर्ण भरलेली असता १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव शिल्लक. तीन घरांच्या ६ व्होल्ट बॅटरीसाठी हेच आकडे निम्मे करावेत. मोटार नुकतीच चालविलेली असेल, तर काही तास थांबून मोजावे, अन्यथा आकडा खोटा फुगलेला दिसतो. भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या बॅटरीतील अंतर केवळ अर्ध्या-पाऊण व्होल्टचे आहे, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या यंत्रावर अर्धा व्होल्ट स्पष्ट वाचता येत नाही, ते या कामास निरुपयोगी आहे.

दुसरे काम जमा तपासण्याचे. इंजिन मध्यम वेगाने चालू असता डायनामोने १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४ व्होल्टच्या आसपास आणि ६ व्होल्टच्या बॅटरीवर ७ व्होल्टच्या किंचित वर दाब ठेवला पाहिजे. आधुनिक मोटारीतील अल्टरनेटर मंद गतीलाही बॅटरी भारित करतो. डायनामोचे तसे नाही. मंद गतीला तो जवळजवळ काहीच देत नाही आणि लाल दिवा मिणमिणतो. हा दोष नसून त्याचा स्वभाव आहे. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक चांगले डायनामो विनाकारण खोलले जातात.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ते म्हणजे वाटेतील घट शोधण्याचे. बॅटरीकडून निघालेला प्रत्येक व्होल्ट परतीच्या वाटेपर्यंत कोठे ना कोठे खर्ची पडलाच पाहिजे. दिव्यावर किंवा सेल्फवर तो खर्ची पडला तर योग्य. सांध्यावरील काटेत, सैल लगमध्ये किंवा गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत खर्ची पडला तर ती निव्वळ घट. किर्दीप्रमाणे येथेही ताळा बसतोच, तो मांडला मात्र पाहिजे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एका पद्मिनीचा सेल्फ जड फिरतो. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक तार सोडून ठेवली आणि एकाने किल्ली फिरविली असता दुसऱ्याने मोजले. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १०.८ व्होल्ट मिळाले. सेल्फच्या मुख्य टर्मिनलपासून सेल्फच्या अंगापर्यंत मात्र ९.१ च मिळाले. १.७ व्होल्ट वाटेत नाहीसे झाले. आता मीटरची एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या मुख्य टर्मिनलवर ठेवून पुन्हा किल्ली फिरविली: ०.२ व्होल्ट. ही घट चालण्यासारखी आहे. मग एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर: १.५ व्होल्ट. ताळा बसला आणि चोरही सापडला. बॅटरी निर्दोष आहे, सेल्फ निर्दोष आहे. इंजिनापासून बॉडीपर्यंत आणि बॉडीपासून बॅटरीपर्यंत जाणारी अर्थिंगची वाट काटलेली आहे. पट्टी सोडून, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासून, लग घट्ट आवळून, वर थोडे व्हॅसलिन लावले की काम झाले. नव्या बॅटरीची गरज तेथे नव्हतीच.

असा दोष मल्टिमीटरच्या ओहम मापनावर का सापडत नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. सेल्फ फिरताना समजा १५० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर १.५ व्होल्टची घट होण्यास ओहमचा केवळ शंभरावा भाग पुरतो. साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध याहून कितीतरी अधिक असतो. म्हणून प्रत्यक्ष भार चालू ठेवून व्होल्ट मोजणे, हाच मार्ग. ६ व्होल्टच्या मोटारीत तर याचे महत्त्व अधिकच. ३६ वॉटच्या दिव्यास १२ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, ६ व्होल्टवर ६ अँपिअर. वाटेत ओहमचा दहावा भाग रोध असेल, तर पहिल्या मोटारीत ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के घट होते, दुसरीत ०.६ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के. जुन्या मोटारीचे दिवे पिवळट पडतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

काम स्पष्ट झाले की यंत्राची निवड सोपी होते. बाजारात चार प्रकार दिसतात.

पहिला, सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा छोटा आकडेदर्शक. पुष्कळ जुन्या मोटारींत ती खाचच नसते; आणि असली तरी तो त्या खाचेपर्यंत पोहोचलेला दाब दाखवितो, बॅटरीचा नव्हे. दुसरा, दोन तारांचे लहान पॅनेलमीटर. ते स्वस्त आणि आटोपशीर असतात. परंतु स्वतःच्या कामासाठी लागणारी वीज ते मोजावयाच्या तारांतूनच घेतात. त्यामुळे बॅटरीचा दाब ते दाखवितात, पण सांध्यावरील पाव व्होल्टची घट त्यांना दिसत नाही.

तिसरा, काट्याचा मल्टिमीटर. जुन्या कारागिरांचा तो आवडता, आणि त्यास कारणही आहे. इंजिनाचा वेग वाढविताना डायनामोचा दाब कसा चढतो आणि रेग्युलेटर कोठे त्यास रोखतो, हे काट्याच्या हालचालीत एका दृष्टिक्षेपात कळते. व्होल्ट मोजण्यासाठी त्यास स्वतःची बॅटरीही लागत नाही. पण त्याचे माप-टप्पे नीट पाहून घ्यावे लागतात. अनेक काटामीटरांत १० व्होल्टनंतर एकदम ५० व्होल्टचा टप्पा येतो. त्या टप्प्यावर १२.२ आणि १२.६ यांतील भेद डोळ्यांस कळणे कठीण. तारा उलट लागल्या की काटा डावीकडे आपटतो, आणि यंत्र हातातून पडले तर त्याचे माप बिघडू शकते.

चौथा, साधा डिजिटल मल्टिमीटर. १९.९९ पर्यंत आकडे दाखविणारा २० व्होल्टचा डीसी टप्पा आणि त्याखाली २ व्होल्टचा टप्पा असला, की वर सांगितलेली तिन्ही कामे होतात. तारा उलट लागल्यास तो केवळ उणे चिन्ह दाखवितो. हा गुण ब्रिटिश मोटारींच्या बाबतीत विशेष उपयोगी पडतो. मॉरिस मायनरसारख्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीस जोडलेले असे. १९५५ पर्यंतच्या अमेरिकन फोर्डही ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. अशा गाडीत काळी तार सवयीने बॉडीस लावली, तर उणे आकडा येतो. तेथे लाल तार बॉडीस लावावी, इतकेच. बॅटरी उलट जोडण्याची चूक मात्र कोणी करू नये.

बहुतेक घरांना हा चौथा प्रकार पुरेसा आहे. तपमान, कंपनसंख्या, कपॅसिटर इत्यादी मोजण्याच्या सोयींसाठी अधिक पैसे देण्याचे कारण नाही. ते पैसे द्यावयाचेच असतील तर तारांसाठी द्यावेत: मऊ, लांब, जाड वेष्टनाच्या तारा आणि टोकांना लावता येणारे मगरचिमटे. एकट्याने काम करताना एक चिमटा बॉडीस अडकविला की दुसरा हात मोकळा राहतो. मीटरमध्ये बॅटरी उतरल्याची खूण दाखविण्याची सोय असावी आणि अँपिअरच्या खाचेस फ्यूज असावा. काही स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या खाचेस फ्यूज नसतो. लाल तार चुकून त्या खाचेत राहिली आणि सळया बॅटरीच्या खुंट्यांस लागल्या, तर तो सरळ शॉर्ट होय. तार भाजते, आणि हातही भाजू शकतो.

डिजिटल मीटरच्या दोन मर्यादाही जाणून घ्याव्यात. त्याचा अंतर्गत रोध फार मोठा, सामान्यतः एक कोटी ओहम असतो. त्यामुळे काटलेल्या, जेमतेम टेकलेल्या सांध्यापलीकडेही दिवा बंद असताना तो पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवील. दिवा चालू केला की तोच आकडा कोसळतो. म्हणून भार चालू ठेवल्यावाचून घेतलेल्या मापावर विसंबू नये. याच कारणासाठी जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आजही ५ वॉटच्या बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प बाळगतात. तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह ओढतो आणि पोकळ जोडणी उघडी पाडतो. मीटरबरोबर तोही ठेवावा. दुसरी मर्यादा अशी की इंजिन चालू असताना स्पार्क प्लगच्या तारांजवळ आकडे विनाकारण नाचतात. मीटर आणि त्याच्या तारा तेथून दूर धरल्या की ते स्थिरावतात. त्या तारांत हजारो व्होल्ट असतात. त्यांस साध्या मीटरची सळई कधीही लावू नये.

आता प्रश्न उरतो तो विश्वासाचा. मीटर खरे बोलतो, हे कशावरून? साध्या डिजिटल मीटरची अचूकता समजा अर्धा टक्का अधिक शेवटचे दोन अंक अशी लिहिलेली असेल, तर १२.६० या वाचनात ०.०८ व्होल्टपर्यंत फरक संभवतो. म्हणजे दशांशापुढील पहिल्या अंकावर भिस्त ठेवावी, दुसऱ्यावर ठेवू नये. खरेदी करताना दुकानातच एकाच बॅटरीवर दोन-तीन मीटर लावून पाहावेत. जे परस्परांशी जुळतात त्यांपैकी एक घ्यावा, जो एकटा वेगळे सांगतो तो बाजूस ठेवावा. घरी आणल्यावर वर्षातून एकदा एखाद्या चांगल्या मीटरशी त्याची तुलना करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मीटरच्या पोटातील ९ व्होल्टची बॅटरी वेळेवर बदलावी. ती उतरली की अनेक स्वस्त मीटर प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवू लागतात. रिकामी बॅटरी भरलेली दिसते, आणि दोष नसलेल्या ठिकाणी शोध सुरू होतो.

जैन परंपरेस या गोष्टीचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे, हा एक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचा स्पष्ट निर्देश आहे. तराजू खरा ठेवण्याचा हा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या घरात मीटरही खरा असावा, आणि त्याने सांगितलेले खरेपणाने लिहून ठेवले जावे. जुनी मोटार विकण्याचा प्रसंग आला तर याचे मोल विशेष. ‘वायरिंग उत्तम आहे’ हे विक्रेत्याचे शब्द झाले. तारीखवार नोंदलेली मापे हा पुरावा होय. घेणाराही ती आपल्या मीटरने पडताळून पाहू शकतो.

त्यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही. मोटारीच्या खणात एक लहान वही ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर मोटार ६ व्होल्टची की १२ व्होल्टची आणि अर्थ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे ठळक लिहावे. पुढे कोणाच्याही हाती किल्ली गेली तरी बॅटरी उलट लागणार नाही. त्यानंतर दर महिन्यास चार मापे पुरेत: रात्रभर उभ्या मोटारीच्या बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ फिरताना बॅटरीचे व्होल्ट, इंजिन मध्यम वेगात असतानाचे व्होल्ट, आणि सेल्फ फिरताना अर्थिंगच्या वाटेवरील घट. सेल्फ फिरताना १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली जाऊ लागली किंवा अर्थिंगची घट अर्ध्या व्होल्टकडे सरकू लागली, की मोटार बंद पडण्यापूर्वीच सूचना मिळते.

मापे घेताना काही पथ्ये पाळावीत. हातातील अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे. नुकत्याच भारित झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा तिच्याजवळ ठिणगी किंवा ज्योत नसावी. बॅटरी सोडताना बॉडीस जोडलेली तार प्रथम काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. मोटार गिअरमध्ये नाही, हात-ब्रेक ओढलेला आहे, हे पाहूनच किल्ली फिरवावी.

घरातील तरुण मुलामुलींना हे काम शिकविण्यासारखे आहे. त्यांना हिशेब येतो, यंत्राचे कुतूहलही असते. चार आकडे मांडून, त्यांचा ताळा पाहून, दोष नेमका कोठे आहे हे स्वतः ठरविण्याची सवय एकदा लागली, की ती मोटारीपुरती राहत नाही. ताडपत्रीखालची मोटार भंगारवाल्याकडे देण्याचा विचार ज्या घरात सुरू असेल, त्या घराने त्यास एक महिना थांबवावे, एक साधा मीटर आणावा आणि प्रथम अर्थिंगची पट्टी मोजावी.